मदत हवी आहे: जादूच्या पोतडीतल्या वजनाचा हिशेब कसा जुळवू?

मंडळी, किशोरांसाठी एक अद्भुतकथा लिहीत आहे आणि तिच्यातल्या पोतडीपाशी गाडी अडली आहे. व्हिडिओ गेममध्ये असते तशीच पोतडी आहे. काहीही टाका, पाठीवर भार शून्य.

गेममध्ये हे खपून जातं. माइनक्राफ्टमधला एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. सोन्याचा असा ठोकळा खऱ्या जगात 19.3 टन भरेल. खेळाडूकडे 36 खण, प्रत्येकात 64 ठोकळे, म्हणजे 44 हजार टनांहून जास्त सोनं घेऊन तो खुशाल उड्या मारतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या 2014 च्या नियमपुस्तकातली जादूची पिशवी निदान मर्यादा तरी पाळते. सामान 500 पौंडांपर्यंतच, आणि पिशवीचं वजन कायम 15 पौंड. पण बाकीचा भार कुठे गेला? दुसऱ्या मितीत, बस्स. कथेचा वाचक थांबून विचार करतो, म्हणून मला हिशेब हवाच आहे.

वस्तू आत आकसतात म्हणावं, तर वस्तुमान तेवढंच राहतं. वस्तूची ऊर्जा होते म्हणावं, तर एक किलो दगडातून साधारण 21 मेगाटन टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा निघेल, आणि ती पोतडीत कोंडून ठेवली तरी तिचं वजन किलोभर भरेलच! त्यामुळे पोतडी म्हणजे दुसऱ्या जागेत उघडणारं दार, हेच मला पटतं. भार तिथल्या जमिनीवर. पण मग पायथ्याशी दगड आत टाकला आणि 400 मीटर चढून गडावर बाहेर काढला, की किलोमागे सुमारे 3900 ज्यूल फुकटात मिळाले. ते कोणी भरले?

माझा तोडगा असा: ही किंमत वस्तूच्याच उष्णतेतून वसूल होते. वर नेऊन काढलेली वस्तू गार निघते, खाली आणून काढलेली गरम. गणित मांडल्यावर फार आनंद झाला, कारण वस्तू किती गार होणार हे वजनावर अवलंबूनच नाही, फक्त उंचीवर आणि पदार्थावर आहे. 400 मीटरला पाणी जेमतेम 1 अंशाने उतरतं, दगड 5, लोखंड जवळजवळ 9. सोनं मात्र 30 अंशांनी, कारण त्याचा विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) फारच कमी! लोभी माणसाचीच बोटं आधी गोठणार. द्रौपदीच्या थाळीला ती जेवेपर्यंतचीच मुदत होती, म्हणून तर दुर्वासांच्या प्रसंगात जीव आला. तशी अट मला इथे सापडली असं वाटतं.

आता अडलंय ते सांगते. उष्णतेचं पूर्णपणे कामात रूपांतर होणं उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात बसत नाही. भौतिकशास्त्र शिकलेल्यांनो, हे वाचताना तुम्हाला खुपेल, की एवढी जादू चालेल? आतली जागा कमालीची थंड आहे आणि थोडी उष्णता तिथे जाते असं दाखवलं तर नियम पाळला जाईल, पण वस्तू आणखी गार निघेल. कथेसाठी तेही चालेल.

दुसरी अडचण मोठी आहे. नायिका आपल्या आठ वर्षांच्या भावाला पोतडीत लपवून 1000 मीटर चढते. माझ्या हिशेबाने त्याचं शरीर पावणेतीन अंशांहून थोडं जास्त गार होतं, म्हणजे 37 वरून 34 च्या आसपास. 35 च्या खाली धोका सुरू होतो. हा प्रसंग मला ठेवायचाच आहे. पण तो चढताना हळूहळू गारठेल, की पोतडीचं तोंड उघडताच एकदम? हळूहळू असेल तर शरीर कुडकुडून उष्णता निर्माण करत राहील आणि सगळा हिशेब बदलेल. एकदम असेल तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत त्याची अवस्था काय असेल? बोलू शकेल का? इथल्या डॉक्टर मंडळींनी कृपया सांगावं. गडावर बहिणीकडे फक्त कोरडी घोंगडी, शेकोटी आणि कोमट दूध आहे. यातलं तिने आधी काय करावं आणि काय अजिबात करू नये?