एप्रिलचे बँकॉक आणि पाठीवरची सॅक: जोडप्यांनो, अनुभव लिहा

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे सुट्ट्यांचे दिवस. कमी खर्चात परदेश पाहू इच्छिणारी अनेक जोडपी याच दिवसांत बँकॉकला जातात आणि बँकॉकचा सर्वांत कडक उन्हाळाही नेमका एप्रिलमध्येच असतो. टूर कंपनीच्या वातानुकूलित बसमधून हे शहर पाहणे वेगळे आणि सॅक पाठीवर घेऊन, बोटी व बस बदलत, राहण्याची जागा शोधत पाहणे वेगळे. ज्यांनी दुसऱ्या प्रकारे हे शहर पाहिले, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. खर्चाचे तक्ते इतरत्र भरपूर मिळतात. उन्हाने काय केले आणि दोघांनी एकमेकांना कसे सांभाळले, हे इथे यावे. सुरुवात मीच करते.

पुण्याहून

सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने फाया थाई स्थानकापर्यंत आम्ही आरामात पोहोचलो. खरी परीक्षा तिथून पुढे होती, कारण खाओ सान रस्त्याच्या परिसरात, जिथे स्वस्त गेस्टहाऊस आहेत, उन्नत रेल्वे जात नाही. पंखे लावलेली, उघड्या खिडक्यांची साधी बस मिळाली. तिच्यातील वाहक बाईंच्या हातात तिकिटांची एक लांबट धातूची नळी होती आणि ती टक्‌टक् वाजवत त्या गर्दीतून पुढे सरकत होत्या; आपल्या एसटीतल्या वाहकाने तिकिटाचा चिमटा वाजवावा, अगदी तसेच ते वाटले आणि दोघांनाही धीर आला. वाहतूक थांबली की वारा थांबे, आणि मांडीवरच्या सॅकखाली कपडे घामाने चिंब होत.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाडा पाहायला गेलो. १७८२ मध्ये राजधानी चाओ फ्राया नदीच्या या काठावर आली, तेव्हापासूनचे हे संकुल आहे. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे घालून तापलेल्या फरसबंद अंगणांतून फिरावे लागते. पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये भिंतभर रामकथा रंगवलेली आहे. थायलंडमध्ये तिला रामकियन म्हणतात. हनुमानाची सेना पाहत आम्ही हळूहळू चाललो होतो आणि मी चित्रांबद्दल काही विचारले, तर नवऱ्याचे उत्तरच आले नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, हात गार आणि ओले होते आणि त्याला मळमळत होते. ओवरीच्या सावलीत त्याला बसवले, बुटांचे बंद सोडले, ओढणी पाण्यात भिजवून मानेवर ठेवली आणि मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. अर्ध्या-पाऊण तासाने तो नीट बोलू लागला. समोरची चित्रे मात्र त्या वेळात आम्ही जितकी निरखून पाहिली, तितकी बहुधा कोणी पाहत नसेल.

त्यानंतर आम्ही दिवसाचे दोन तुकडे केले. पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात, त्या सुमारास आम्ही बाहेर पडत असू आणि अकराच्या आत खोलीवर परतत असू. पुन्हा बाहेर पडायचे ते चारनंतर. पाहायच्या ठिकाणांची यादी निम्मी झाली, पण जे पाहिले ते मनापासून पाहता आले.

अकोल्याहून

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना वाटते, चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश सोसणाऱ्यांना सदतीस अंशांचे काय! पण आमची सवय कोरड्या उन्हाची. आमच्याकडे घाम लगेच उडतो आणि अंग थंड होते. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला की माणूस तगून जातो. बँकॉकच्या दमट हवेत घाम अंगावरच निथळत राहतो आणि ओला दुपट्टा थोड्याच वेळात कोमट पोतेरे होतो. शिवाय सॅक पाठीला चिकटलेली असल्यामुळे तेवढ्या भागाला वाराच लागत नाही. माझ्या पत्नीने तिसऱ्या दिवशी दोघांच्या सॅका रिकाम्या करून निम्मे कपडे तिथल्याच एकाला देऊन टाकले. माझ्या मते छत्री, टोपी आणि सनस्क्रीन यांपेक्षा त्या एका निर्णयाने आमचा प्रवास वाचवला.

डोंबिवलीहून

उत्तरेकडच्या चिआंग माई शहराची रेल्वेगाडी संध्याकाळची आणि खोली सोडायची वेळ दुपारी बाराची. मधले तास सॅका घेऊन कुठे काढायचे, यावरून आमच्यात जे भांडण झाले, त्याला भांडण तरी कसे म्हणावे! दोघेही एकच गोष्ट चढ्या आवाजात सांगत होतो. गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी सॅका जिन्याखाली ठेवून घेतल्या आणि आम्हाला गार पाण्याचे दोन पेले दिले. पाणी प्यायल्यावर आवाज आपोआप खाली आले. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो: तहान लागलेली असताना कोणताही निर्णय घ्यायचा नाही.

जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून जुन्या हुआलाम्फोंग स्थानकावरून सुटत नाहीत. त्या क्रुंग थेप अफिवात या नव्या मध्यवर्ती स्थानकावरून सुटतात. भूमिगत मेट्रोच्या बांग स्यू स्थानकातून तिथे आत शिरता येते. जुनी पुस्तके वाचून सॅकसह हुआलाम्फोंगला पोहोचलेली दोन जोडपी आम्हाला गाडीत भेटली आणि त्यांची अवस्था पाहवत नव्हती.

बँकॉकमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातून

इथले लोक दुपारच्या उन्हात उगाच चालत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. जुन्या शहरात जाण्यासाठी चाओ फ्राया नदीतली बोट उत्तम. उन्नत रेल्वेने सफान ताक्सिन स्थानकाला उतरले की शेजारीच साथोन धक्का आहे, आणि नदीवर वारा असतो. २०१९ पासून सनाम चाय हे मेट्रो स्थानकही सुरू झाले आहे. तिथून वाट फो हे मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. तिथला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध छताखाली आहे, म्हणून उन्हे चढल्यावर जायचेच असेल तर तिथे जावे. राजवाडा मात्र सकाळी उघडताच गाठावा. वाटेत कोणी "राजवाडा आज बंद आहे" असे सांगून टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, बसवू लागला, तर ऐकू नये आणि थेट प्रवेशद्वारापर्यंत जाऊन स्वतः पाहावे.

शाकाहारी जोडपी उन्हात नीट न जेवता फिरतात आणि म्हणून लवकर गळतात, असे मी वारंवार पाहिले आहे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' असे चिन्ह दिसले, तर तिथे मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. वाचता येत नसेल, तर चिन्हाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. फाहुरात भागात सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे. तिथल्या लंगरात जेवलेली आपली कितीतरी माणसे आजही त्या घासाची आठवण काढतात.

कोल्हापूरहून, एका डॉक्टरांकडून

पुण्याच्या ताईंनी केले ते योग्यच होते. आणखी थोडे सांगतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायांत गोळे ही शरीराने दिलेली पहिली सूचना असते. माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली किंवा ताप ४० अंश सेल्सिअसच्या घरात गेला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी रुग्णवाहिका बोलावून ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. ती नसतील तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावे.

सांगलीहून

आम्ही दोघेही निवृत्त आहोत आणि मुलांनी विरोध केला तरी पाठीवर सॅक घेऊनच गेलो. १३ एप्रिलला थाई नववर्ष, सोंगक्रान, सुरू होते आणि पुढचे दोन-तीन दिवस सगळे शहर एकमेकांवर पाणी उडवत असते. या सणाला २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. सिलोम रस्त्यावरच्या गर्दीला आम्ही बिचकत होतो, म्हणून एका गल्लीत कडेने चाललो होतो. तिथे एका आजीबाईंनी हात जोडून आधी मानेनेच परवानगी विचारली आणि मग ह्यांच्या खांद्यावर वाटीभर सुवासिक पाणी हलकेच ओतले. ह्यांनी नमस्कार केला. आजीबाईंनी माझ्याही हातावर पाणी घातले आणि बसायला प्लास्टिकचे स्टूल पुढे केले. पासपोर्ट, पैसे, औषधे आणि मोबाइल आम्ही आधीच झिपच्या जाड पिशव्यांत घातले होते, हे जाणाऱ्यांनी विसरू नये. त्या दिवसांत सॅक खोलीवरच राहू द्यावी. कपडे पूर्ण भिजले होते, ऊन तेवढेच होते आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दुपारी दोन वाजता न थकता चालत होतो.