चर्चा: जास्त वाचलं गेलं तेच पुढे लिहावं का? (बोलणाऱ्यांची नावं बडोद्यातल्या त्यांच्या भागांवरून)

दांडियाबाजार: वर्षभर बडोद्यावर लिहिलं, आज त्याचा हिशेब मांडला. सगळ्यात जास्त वाचला गेला सेव-उसळीचा लेख. त्याखालोखाल आपल्या बडोदी मराठीचा: पुण्यात मावसबहिणीला "उद्या मला फावणार नाही" (म्हणजे जमणार नाही) म्हटलं आणि ती बघतच राहिली, तो. तिसरा ऑगस्ट २०२४ च्या पुराचा. आणि तळाला सेंट्रल लायब्ररी. त्या लेखासाठी मी आठ दिवस मांडवीला खेटे घातले होते. सेव-उसळ एका संध्याकाळी लिहून झाली. माझं मत पक्कं आहे. लोकांसाठी लिहायचं तर लोकांचा कौल मानायचा. पुढच्या वर्षी इतिहास बंद.

रावपुरा: ताई, हा कौल मला मान्य नाही. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे आधी वाचणारे तयार केले. मग १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत पाठवली. त्यातली कितीतरी पुस्तकं न उघडताच परत आली असतील. तेव्हा कुणी "पेट्या बंद करा" म्हटलं असतं तर?

आणि तुम्ही सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या जमिनीबद्दल लिहिलंत, वरच्या मजल्यावरचा उजेड तिच्यातून खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो म्हणून. बासष्ट वर्षं या गावात काढली, मला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन बघून आलो. असा एक वाचक तुमच्या हिशेबात कुठे धरलाय?

मांजलपूर: काका, मी ताईंच्या बाजूने. मी गुजराती माध्यमात शिकले. घरी मराठी बोलतो, पण वाचायला मला वेळ लागतो. लायब्ररीचा लेख दोनदा हातात घेतला, दोन्ही वेळा सोडला. पहिल्याच परिच्छेदात सहा सनावळ्या! पुराच्या लेखात आजींनी देवघरातला गणपती उचलून फ्रीजवर ठेवला आणि थोड्या वेळाने फ्रीजच तरंगायला लागला, तिथून मी हललेच नाही. आमच्याकडेही गुडघाभर पाणी होतं. विश्वामित्रीतल्या मगरी कुठून कुठे येतील या धास्तीने दोन रात्री जिन्यावर काढल्या. ते कुणीतरी मराठीत लिहिलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

सयाजीगंज: सोपं हवं, कबूल. पण सेव-उसळ पहिली आली म्हणून तिचाच रतीब घालायचा? महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये याच बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना हाकललं आणि ते कमाटीबागेत झाडाखाली येऊन बसले. ताई, तुम्ही त्यावरही लिहिलं होतंत, आणि तेही थोड्यांनीच वाचलं. माझ्या मुलाला त्या बागेतली खेळण्यातली रेल्वे ठाऊक आहे, झाड ठाऊक नव्हतं. तुमचा लेख वाचून त्याला तिथे घेऊन गेलो. सेव-उसळीची तर्री, पाव आणि वरून कांदा एवढंच बडोदं आपण मुलांच्या हाती द्यायचं का?

मांजलपूर: दादा, तो लेख मी एका दमात वाचला. तो झाडापासूनच सुरू होतो. माझं म्हणणं तेवढंच आहे.

दांडियाबाजार: मांजलपूर, झोंबलं, पण खरं आहे. लायब्ररीच्या लेखात मी आठ दिवसांची टिपणं तशीच ओतली.

काका, पेट्यांचं मात्र पटलं नाही. त्या पेट्यांमागे अख्खं संस्थान होतं. मी नोकरी सांभाळून रात्री अकरानंतर लिहायला बसते. लेख तळाला गेला की आठवडाभर पेन उचलवत नाही, हे तुम्हाला कसं सांगू. तेव्हा सनावळ्यांचे लेख बंद, यावर मी ठाम आहे. बाबासाहेबांचा लेख कमी वाचला गेला याचं दुःख आहेच, तो पुन्हा वर काढते. आणि लायब्ररी नव्याने लिहिते. या खेपेला सुरुवात काचेवर उभं राहून पायाखाली बघण्यापासून. शनिवारी सकाळी जाणार आहे.

रावपुरा: मीही येतो. शनिवार मला फावेल.