लॅम्डाचं इंडक्शन होतंय, पण पेशी फुटत नाहीत. क्लोरोफॉर्म टाकला की लगेच फुटतात

गिरणाकाठ, जळगाव (प्रश्न)

राम राम मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ई. कोलायचा लॅम्डा लायसोजेन वापरतेय, म्हणजे जिच्या डीएनएत लॅम्डा हा फेज (जिवाणूंचा विषाणू) गप्प बसलेला असतो अशी पेशी. त्याला गप्प ठेवणारं प्रथिन, रिप्रेसर, सीआय८५७; ते तापवलं की निकामी होतं आणि फेज जागा होतो (इंडक्शन). एलबी माध्यमात ३० अंशांवर वाढवून ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ झाली की ४२ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५ मिनिटं, मग ३७ अंशांवर शेकर. पन्नासेक मिनिटांनी ओडी धाडकन खाली यायला हवी ना? इथे दीड तासानंतरही ती चढतेच आहे. पण ५ मिली काढून त्यात क्लोरोफॉर्मचे दोन-तीन थेंब टाकले की दहा मिनिटांत नळी स्वच्छ! फेज तयार होतायत की नाही? होत असतील तर बाहेर का पडत नाहीत?

तापीखोरं

ताई, ओडी चढतेय ही सगळ्यात कामाची खूण आहे. तुमच्या फेजमध्ये एस जनुक चालत नाही. बहुतेक तो एसअ‍ॅम७ असणार, म्हणजे एस जनुकात मध्येच ‘थांबा’ असा संकेत आणणारं उत्परिवर्तन. सीआय८५७ सोबत हे उत्परिवर्तन फार ठिकाणी असतं. स्ट्रेनच्या नोंदीत बघा.

लॅम्डाला पेशी फोडताना तीन थर पार करायचे असतात: आतलं पटल, पेप्टिडोग्लायकनची भिंत आणि बाहेरचं पटल. भिंत कापणारं एंडोलायसिन, म्हणजे आर जनुकाचं प्रथिन, पेशीद्रवात साठत राहतं, पण आतलं पटल त्याला स्वतःहून ओलांडता येत नाही. ती वाट होलिन करून देतं. एस जनुकाचं हे १०५ अमिनो आम्लांचं प्रथिन आतल्या पटलात जमत जातं आणि तोवर पेशीला काही कळतही नाही; श्वसन चालू, वाढ चालू. ठरलेल्या वेळी त्याचे रेणू एकदम गोळा होतात आणि पटलाला मोठी भोकं पडतात. तिथून आर बाहेर येऊन भिंत कापतं. वेळ ठरते ती होलिनवरच. त्याच जनुकातून दोन अमिनो आम्लं जास्त असलेलं १०७ चं रूपही बनतं, ते होलिनला थोडं मागे खेचतं.

तुमच्याकडे होलिनच नाही. म्हणून पेशी जिवंत आहेत, फेज आणि आर दोन्ही आत साठतायत. क्लोरोफॉर्म आतलं पटल मोडतो, म्हणजे होलिनचं काम तोच करतो, आणि साठलेलं आर मिनिटांत भिंत खातं.

खात्रीसाठी इंडक्शन न केलेल्या फ्लास्कमधल्या ५ मिलीतही तेवढाच क्लोरोफॉर्म टाका. तिथे आर नसल्यामुळे गढूळपणा जवळपास तसाच राहायला हवा. आर बिघडलेलं पण होलिन शाबूत असतं, तर ओडी वेळेवर चढायची थांबली असती, कारण पेशी मेल्या असत्या. आणि क्लोरोफॉर्मनेही नळी स्वच्छ झाली नसती.

सातपुडा_लॅब

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. एक भर: आर-झेड आणि आर-झेड-१ या जोडीला, म्हणजे स्पॅनिनला, लोक विसरतात. एक आतल्या पटलात, दुसरं बाहेरच्या पटलात. भिंत गेल्यावर ही जोडी बाहेरचं पटल मोडते. ती नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली कांड्यांऐवजी गोल गोळे दिसतात, आणि माध्यमात १० मिलिमोलर मॅग्नेशियम असेल तर ते तसेच टिकतात. शेकर जोरात असेल तर फुटूनही जातात, मग दोष लपतो.

ताई, एसअ‍ॅम७ असेल तर उलट सोयच आहे. ३७ अंशांवर भरपूर हवा देत तीनेक तास चालू ठेवा. पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा, फेज आतच असल्याने गाळासोबत येतात. मूळ आकारमानाच्या विसाव्या भागाएवढ्या एसएम बफरमध्ये (फेज ठेवायच्या द्रावणात) गाळ मिसळा, मग १ टक्का क्लोरोफॉर्म. जिवाणूचा डीएनए बाहेर येऊन सगळं शेंबडासारखं तारेला येईल. तेव्हा डीएनएज (डीएनए कापणारं विकर) टाका, नाहीतर पिपेट चालत नाही. नळी पॉलिप्रॉपिलीनची किंवा काचेची घ्या. पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्मने विरघळतं.

आणि प्लाकसाठी (जिवाणूंच्या थरात फेजमुळे पडणाऱ्या स्वच्छ ठिपक्यांसाठी) सुप-एफ सप्रेसर, म्हणजे तो ‘थांबा’ ओलांडू देणारं जनुक, असलेला यजमान लागेल, एलई३९२ चालतो. त्याला ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट द्या, ग्लुकोज नको; लॅम्डा ज्या ग्राहकाला चिकटतो तो माल्टोजवर भरपूर बनतो. सप्रेसर नसलेल्या यजमानावर एकही प्लाक आला नाही तर ‘फेज नाहीत’ असं मुळीच लिहू नका.

पांझरा, धुळे

उन्हाळ्यात आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असेल तर डायल ३० वर ठेवून काय उपयोग? सीआय८५७ चा रिप्रेसर साधारण ३८ च्या पुढे ढिला पडतो, आणि शेकरची मोटर वरून आणखी उष्णता देते. इंडक्शन आपोआप सुरू होतं, लायसोजेन मरतात, आणि फ्लास्कमध्ये प्रोफेज (डीएनएत बसलेला फेज) गमावलेल्या पेशी वाढून बसतात. मग ४२ ला नेलं तरी काहीच होत नाही, क्लोरोफॉर्मनेही नाही. म्हणून थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटरच वापरा आणि तापमान फ्लास्कच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून मोजा. दर वेळी एकाच कॉलनीच्या दोन रेघा मारा, एक ३० ला, एक ४२ ला. ४२ ला वाढली तर ती कॉलनी फेकायची.

गिरणाकाठ

नोंदीत एसअ‍ॅम७ च आहे! सर्वांचे मनापासून आभार. नाल्याच्या पाण्यातून काढलेल्या फेजलाही हाच क्लोरोफॉर्म चालेल का?

तापीखोरं

डोळे झाकून नको. टी४ सारख्या शेपटीवाल्यांना सहसा चालतो, पण एम१३ सारखे तंतुमय आणि मेदाचं पटल असलेले फेज त्याने निकामी होतात. शिवाय एम१३ पेशी फोडतच नाही, जिवंत पेशीतून झिरपत राहतो. फायएक्स१७४ कडे तर एंडोलायसिनही नाही. त्याचं ई प्रथिन भिंत बांधणाऱ्या एमआरए-वाय या विकराला अडवतं, म्हणून पेशी वाढत असेल तरच फुटते. अनोळखी नमुन्याचे दोन भाग करा: एकाला क्लोरोफॉर्म, दुसरा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. दोन्हींची प्लाकसंख्या ताडून पाहा आणि मगच पद्धत ठरवा.