बाबांच्या एमआरआयमध्ये पायरॅड्स ४ आलं, मंग बायोप्सी कायले पाह्यजे?

दिग्रसवाला
नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, गाव दिग्रसकडे. सोयाबीन सोंगणीच्या टायमात त्याइची लघवी एकदम बंद झाली, रातीच यवतमाळले नेलं, नळी टाकली, आन तवाच पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) काढला तो ११.८ निघाला. मंग नागपूरले एमआरआय केला. रिपोर्टमध्ये प्रोस्टेट (लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) ६८ सीसी, डाव्या बाजूले पेरिफेरल झोनमध्ये म्हणजे बाहेरच्या भागात १ सेंटीमीटरचा डाग, पायरॅड्स ४ असं लिहून आहे. डॉक्टर म्हणतात बायोप्सी करा, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासा. मोठे काका अडून बसले, म्हणतात गाठीले सुई लागली का कॅन्सर पसरते. आता मले सांगा, एवढा पैसा घालून एमआरआय केला तर त्याच्यात आहे का नाही हे पक्कं कळत नाही काय? आन ४ म्हणजे चौथी स्टेज तर नाही ना? आई धड जेवून नाही राहिली.

स्कॅनरूम_नागपूर
आईला आधी सांगा, ही स्टेज नाहीच. पायरॅड्स १ ते ५ असतं, फोटो पाहून रेडिओलॉजिस्टला किती संशय वाटला त्याचा तो नंबर. ४ म्हणजे संशय बऱ्यापैकी. बस एवढंच.

मी एमआरआयवर टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण हे रोज विचारतात लोकं म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये प्रॉमिस नावाचा अभ्यास झाला होता, २०१७ ला लॅन्सेटमध्ये आला. ५७६ माणसं, सगळ्यांचा आधी एमआरआय आणि मग पूर्ण प्रोस्टेटमधून दर ५ मिलिमीटरवर सुया घेऊन तपासणी, म्हणजे लपायला जागाच नाही. २३० जणांना उपचार लागेल असा कॅन्सर निघाला, त्यातले २१३ एमआरआयने आधीच पकडले होते. म्हणजे १०० मागे ९३. पण दुसरी बाजू पहा, एमआरआयने संशय दाखवला ४१८ जणांवर! त्यातल्या जवळपास अर्ध्यांमध्ये तसा कॅन्सर नव्हता. म्हणून बायोप्सी. डाग कॅन्सरचा की जुन्या सुजेचा हे फोटोवर कधीकधी सारखंच दिसतं, टीबीची सूजही तशी दिसू शकते, पेशी मायक्रोस्कोपखाली गेल्याशिवाय ग्लिसन स्कोर, म्हणजे कॅन्सर किती जोरकस आहे त्याचा नंबर, येत नाही आणि त्याच्याशिवाय कोणी उपचार ठरवणार नाही.

वर्धेकर
भाऊ, आमच्या सासऱ्यांचं अगदी हेच, पायरॅड्स ४, घरात नुसती रडारड. बायोप्सीत निघाली फक्त सूज. तुमच्याकडे तसंच निघेल असं म्हणत नाही बाप्पा, पण रिपोर्ट हातात आल्याबरोबर मुंबईची तिकिटं काढू नका. नळी टाकली तवाच पीएसए काढला म्हणता, तर लघवी अडकली किंवा इन्फेक्शन असलं की तो तसाही चढते. काही आठवड्यांनी परत काढायचा का ते विचारा.

स्कॅनरूम_नागपूर
हे बरोबर, पण परत काढलेला पीएसए उतरला तरी डाग तिथंच आहे, त्यामुळे बायोप्सी टाळायला ते कारण धरू नका. तसंही ११.८ भागिले ६८ केलं तर ०.१७ येतं, याला पीएसए डेन्सिटी म्हणतात, ०.१५ च्या वर असली की डॉक्टर जास्त लक्ष देतात. प्रोस्टेट मोठं झालं म्हणूनच पीएसए वाढला, असं धरून बसता येत नाही.

खामगावचा
उलटंही होते बरं. माझ्या मामाचा एमआरआय साफ होता, पण पीएसए चढतच गेला म्हणून डॉक्टरनं बायोप्सी केली तर निघाला. तवा त्या मशीनले देव मानू नका. आन काकाले सांगा, सुईनं पसरणं इतकं क्वचित आहे का त्याच्यापायी निदान थांबवणं म्हणजे येडेपणा. गावात ज्याचं ‘सुई लावल्यावर’ बिघडलं ना, तो बहुतेक गेलाच उशिरा असंन.

दिग्रसवाला
लय आधार झाला सगळ्यायचा. अजून एक, एक सोयरे म्हणतात मशीन १.५ टेस्लाची (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) होती, ३ टेस्लावर परत काढा. आन बाबाले हार्टची इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवाची गोळी) चालू आहे, बायोप्सीले ते चालते काय?

स्कॅनरूम_नागपूर
परत काढू नका, पैसे जातील. मघाशी सांगितलेला अख्खा अभ्यास १.५ टेस्लावरच झाला होता. फायदा पाहायचा तर बायोप्सी त्या डागावर नेम धरून करणारे पाहा. २०१८ च्या प्रिसिजन अभ्यासात एमआरआय पाहून नेम धरला तर ३८ टक्के लोकांत महत्त्वाचा कॅन्सर सापडला, नेहमीच्या पद्धतीत २६ टक्के. म्हणून नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या, डॉक्टरला डाग स्वतः पाहायचा असतो.

इकोस्प्रिन मनानं बंद करू नका, हार्टचे आणि युरोलॉजीचे दोघं डॉक्टर बोलून ठरवतील. आणि बायोप्सीनंतर लगेच दुसरा एमआरआय कोणी सांगितला तर विचारा, कारण सुईचं रक्त आत राहते आणि काही आठवडे फोटो फसवे येतात.

वर्धेकर
नागपूरच्या सुपर स्पेशालिटीत नाहीतर सावंगीले युरोलॉजी आहे, तिथं चौकशी करा. राशन कार्ड, आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसते, कशाकशाले पैसे लागन ते त्याले आधीच विचारा. आन काकाले सोबत घेऊन जा, डॉक्टरच्या तोंडून आयकलं का मानतीन.

दिग्रसवाला
काकाच गाडी चालवतीन म्हणतात आता. सोमवारी निघतो.