कृत्रिम जीव: संशोधन की पडद्यावरचा खेळ?

धूमकेतू

काल दुसऱ्या चर्चेत पेशीमंडळ यांनी लिहिलं होतं: "संगणकात जीव निर्माण करू बघणारे लोक चाळीस वर्षं स्वतःच्याच प्रोग्रॅमकडे कौतुकाने बघत बसलेत. जे आत घातलं तेच बाहेर येतं. त्या पैशात खऱ्या जीवशास्त्राच्या दहा प्रयोगशाळा चालल्या असत्या." एवढ्या मोठ्या कामाची अशी एका फटक्यात वासलात लावलेली पाहून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

टिएरा हा संगणकातला प्रयोग घ्या. टॉम रे हा मुळात कोस्टा रिकाच्या जंगलात काम केलेला परिसंस्थांचा अभ्यासक. १९९० च्या सुमारास त्याने संगणकाच्या मेमरीत ८० सूचनांचा एक प्रोग्रॅम सोडला. त्याचं काम एकच, स्वतःची नक्कल करणं. नकलेत अधूनमधून चुका होणार, मेमरी भरली की काही प्रोग्रॅम मारले जाणार, बाकी हस्तक्षेप नाही. काही वेळाने ४५ सूचनांचे प्रोग्रॅम दिसायला लागले. त्यांच्यात नक्कल करणारा भागच नव्हता. ते शेजाऱ्याचा वापरत होते. म्हणजे सरळसरळ परजीवी. पुढे त्यांना दाद न देणारे यजमान आले, आणि मग परजीवींनाच लुबाडणारेही आले. रेने परजीवी लिहिला नव्हता. पेशीमंडळ, तो 'आत घातला' होता तर कुठल्या ओळीत, ते सांगा.

दुसरं उदाहरण अविडाचं, तिथेही स्वतःची नक्कल करणारे प्रोग्रॅम वाढतात. लेन्स्की, ओफ्रिया, पेनॉक आणि अडामी यांचा २००३ चा 'नेचर'मधला निबंध. दोन संख्यांचे बिट एकेक करून जुळवणारी 'ईक्यूयू' ही क्रिया त्यांच्या जगातली सगळ्यात अवघड. सोप्या क्रियांनाही बक्षीस (म्हणजे जास्त प्रोसेसर-वेळ) होतं तेव्हा प्रोग्रॅमच्या ५० पैकी २३ वस्त्यांना ती जमली. सोप्या क्रियांचं बक्षीस काढल्यावर ५० पैकी एकीलाही नाही. आणि वाटेतले काही बदल त्या क्षणी चक्क नुकसानकारक होते, तरी तेच पुढे पायरी ठरले. डोळ्यासारखा अवयव टप्प्याटप्प्याने कसा घडला असेल, या डार्विनपासूनच्या प्रश्नाला इथे एकेका बदलाचा हिशोब मिळतो. ही करमणूक नव्हे.

पेशीमंडळ

माझं वाक्य पूर्ण दिलंत त्याबद्दल आभार. एक शब्दही मागे घेत नाही.

अविडात बक्षीस कोणी ठेवलं? संशोधकांनी. कुठली क्रिया सोपी, कुठली अवघड, कुणाला किती प्रोसेसर-वेळ द्यायचा, सगळं त्यांनीच ठरवलं. लेन्स्कींचं नाव काढलंत तर त्यांचं दुसरं काम बघा. १९८८ पासून ई. कोलाय या जिवाणूच्या १२ वस्त्या रोज ताज्या माध्यमात हलवल्या जाताहेत. माध्यमात सायट्रेट पहिल्या दिवसापासून होतं, पण अन्न म्हणून कोणी ठेवलेलं नव्हतं, कारण ऑक्सिजन असताना ई. कोलाय ते खाऊच शकत नाही. ३१,००० हून जास्त पिढ्यांनंतर एका वस्तीने ते खायला सुरुवात केली. याला म्हणतात अनपेक्षित. इथे निसर्गाने प्रयोगकर्त्याला चकवलं.

तुमचा टिएरा थोडा वेळ भन्नाट चालतो आणि मग साचतो. नवं काही येतच नाही. खऱ्या जीवसृष्टीला अब्जावधी वर्षांत असं साचणं माहीत नाही.

मी जंतूंवर काम केलंय. एका रात्री इनक्यूबेटर बंद पडला आणि कित्येक महिन्यांचे नमुने गेले. नवीन यंत्र मागितलं तर पैसे नाहीत, आणि त्याच वर्षी शेजारच्या विभागात सिम्युलेशनसाठी नवे सर्व्हर आले. तेव्हापासून "आमचे डिजिटल जीव" हे शब्द ऐकले की डोकं फिरतं.

धूमकेतू

इनक्यूबेटरचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तो राग तुमच्या विभागप्रमुखांवर काढा, ओफ्रियांवर नको.

सायट्रेटचा मुद्दा जोरदार आहे, नाकारत नाही. पण तो बदल कसा घडला हे कळायला काय करावं लागलं? फ्रीझरमधले जुने नमुने काढून पुन्हा वाढवावे लागले. २०,००० व्या पिढीच्या आधीच्या नमुन्यांतून ती क्षमता परत आलीच नाही. इतिहास पुन्हा चालवून बघणं हाच तिथलाही मार्ग. अविडात प्रत्येक पूर्वज आणि प्रत्येक बदल हाताशी असतो. हवा तो बदल उलटा फिरवून पुन्हा रन करा.

आणि चकवण्याबद्दल म्हणाल तर, ओफ्रियांना वेगाने वाढणारे बदल नको होते. म्हणून प्रत्येक नवा बदल ते वेगळ्या चाचणी-जगात तपासत. आईपेक्षा वेगाने नक्कल करणारा दिसला की बाद. सुरुवातीला वेग थांबला, मग पुन्हा वाढायला लागला. शोधल्यावर कळलं की चाचणी-जगात मिळणारे ठरावीक आकडे ओळखून ते जीव तिथे नक्कल करणंच थांबवत होते. मेल्याचं सोंग! सोंग घ्यायला कोणी शिकवलं?

अर्धविराम

तुम्ही दोघंही माणूस विसरलात. आभासी जगांवरचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं संशोधन प्रोग्रॅममधल्या किड्यांवरचं नाहीच. सप्टेंबर २००५, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ. एका राक्षसाशी लढताना लागणारा संसर्गजन्य शाप त्या लढाईच्या जागेतच राहायला हवा होता. पण तो खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना लागला आणि त्यांच्यासोबत शहरात आला. दुकानदार पात्रं मरत नव्हती, फक्त पसरवत होती, म्हणजे लक्षणं नसलेले वाहक. कमकुवत पात्रं क्षणात मरत होती. विलगीकरणाचे प्रयत्न फसले आणि शेवटी सर्व्हर रिसेट करावे लागले.

मी तेव्हा खेळत होतो, माझं पात्र बरं करणारं होतं. चौकात उभा राहून अनोळखी लोकांवर उपचार करत होतो. चॅटवर कोणीतरी "शहरात येऊ नका" म्हणून सतत ओरडत होतं, आणि ते वाचूनच लोक बघायला येत होते. मीही तिथून दुसऱ्या शहरात गेलो आणि रोग सोबत घेऊन गेलो. लॉफग्रेन आणि फेफरमन यांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये यावर लिहिलं ते उगाच नाही.

सांजसावली

अर्धविराम, मी आयुष्याची बरीच वर्षं संसर्गाच्या वॉर्डात काढली आहेत. तुमचं वाचून संताप आला. तिथे मेलेलं पात्र पुन्हा उठतं. मेल्याचा तोटा काय, थोडा वेळ आणि चिलखताची दुरुस्ती. खऱ्या साथीत माणूस गेला की गेला. दोन्हीकडची भीती एकच कशी असेल? मुद्दाम रोग पसरवायला गर्दीत घुसणाऱ्या पोरांवरून तुम्ही माणसांच्या वागण्याचे निष्कर्ष काढणार?

अर्धविराम

संताप समजतो. पण मी जे लिहिलंच नाही त्यावर तो आहे. दोन्ही भीती एक आहेत असं मी कुठे म्हटलं? लेखकांनीही या फरकाकडे डोळेझाक केलेली नाही. त्यांचा मुद्दा असा की साथीच्या गणिती मॉडेलमध्ये माणूस हा आकडा असतो. तो घाबरतो, पळतो, मदतीला धावतो, कुतूहलाने बघायला येतो, हे त्या समीकरणात सहसा नसतं. धोका आहे हे माहीत असून बघायला येणारी माणसं त्या खेळात ढळढळीत दिसली. तुमच्या वॉर्डाबाहेर नातेवाइकांची गर्दी कधीच झाली नाही?

सांजसावली

झाली. रोज व्हायची. पण ते नातेवाईक होते, तमाशा बघायला आलेले नव्हते. एक बाई नवऱ्याला काचेतून बघायला यायच्या. नको म्हटलं तरी यायच्या. त्यांच्या धोका पत्करण्याला तुम्ही कुतूहलाच्या रकान्यात टाकणार असाल तर तुमचं मॉडेल तुमच्यापाशीच ठेवा.

गणिती कावळा

मध्ये बोलतो, कारण खरी अडचण दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. तो प्रयोग नव्हताच, बग होता. तो पुन्हा करता येत नाही. सर्व्हर कंपनीचा, नोंदी कंपनीच्या, आणि साथ आटोक्यात येईना म्हटल्यावर जगच रिसेट केलं. बाहेरच्या संशोधकाच्या हातात उरतात त्या खेळाडूंच्या आठवणी. ज्या जगाच्या चाव्या दुसऱ्याकडे आहेत त्यावर शास्त्र कसं उभं राहणार? टिएरा, अविडा यांचा कोड उघडा आहे, कोणीही चालवून बघावा. हा फरक मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो.

अर्धविराम

पुन्हा करता येत नाही, हे बरोबर. पण खरी साथही पुन्हा करता येत नाही, म्हणून तिचा अभ्यास कोणी सोडत नाही. सांजसावली, नातेवाइकांना कुतूहलाच्या रकान्यात टाकणार नाही. तुम्ही सांगितलेली गोष्ट त्या खेळातही होती: मरू हे माहीत असून आपल्या गटातल्या लोकांना सोडून न जाणारे. मी ते आधीच लिहायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल.

सांजसावली

म्हणेनच. बघायला आले आणि रोग घेऊन गेले, एवढ्यापुरतं तुमचं मान्य. त्यापुढे नाही.

धूमकेतू

मूळ प्रश्नाकडे येतो. पेशीमंडळ यांचा बक्षिसाचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्याचंच उत्तर देतो. २०२४ मध्ये ब्लेझ अग्वेरा इ आर्कास आणि सहकाऱ्यांनी एक काम प्रसिद्ध केलं. ६४ बाइटचे हजारो प्रोग्रॅम, सगळे यादृच्छिक, म्हणजे निव्वळ कचरा. कोणतेही दोन उचलायचे, एकापुढे एक जोडायचे, चालवायचे, पुन्हा तोडून परत टाकायचे. बक्षीस नाही, ध्येय नाही, नक्कल करणारा पूर्वजही नाही. बराच काळ काही घडत नाही. मग स्वतःची नक्कल करणारे प्रोग्रॅम उगवतात आणि बघता बघता सगळी जागा व्यापतात. बाहेरून उत्परिवर्तनं घातली नाहीत तरी हे होतं.

पेशीमंडळ

भाषा कोणी निवडली? त्या भाषेत एका जागेचा बाइट दुसरीकडे उतरवण्याची सूचना आधीच आहे. नकलेचं अर्धं काम तिथेच झालं.

धूमकेतू

हे त्यांनीही तपासलंय. 'सबलेक' ही एकाच सूचनेची भाषा. तिच्यात काहीही लिहिता येतं, हाताने लिहिलेला नक्कल करणारा प्रोग्रॅमही चालतो. पण कचऱ्यातून तो आपोआप उगवला नाही. हे अपयश त्यांनी झाकलं नाही, त्याच निबंधात मांडलं. म्हणजे कुठल्या नियमांच्या जगात जीवासारखं काही सुरू होतं आणि कुठल्यात नाही, हे आता प्रयोगाने विचारता येतं. पृथ्वी एकच मिळाली, तिथे हा प्रश्न विचारायची सोय नाही.

पेशीमंडळ

उगवला नाही ही गोष्ट मला उगवल्यापेक्षा जास्त कामाची वाटते. बक्षिसाचा आक्षेप या एका कामाला लागू होत नाही, एवढं लिहून देतो. अविडाला लागू होतो. साचण्याबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही, आणि दहा प्रयोगशाळांचं वाक्यही तसंच आहे. निबंध वाचतो. सबलेकमध्ये अडसर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या लांबीचा आहे की वाटेत अर्धवट नकलाच टिकत नाहीत म्हणून? मला तिथे माझ्या फ्लास्कमधला प्रश्न दिसतोय.