एपीत ५ आला म्हणजे इंग्लिश मिटलं का?

तिरफळ:
काल इथे एकांनी लिहिलं, "मुलाला एपी इंग्लिश लँग्वेजमध्ये ५ आला, कॉलेजचं इंग्लिश एकदाचं मिटलं, फी वाचली." अभिनंदन. (एपी म्हणजे शाळेतच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा, गुण १ ते ५; चांगले आले की बरीच कॉलेजं तो कोर्स झाला असं धरतात, त्याला क्रेडिट म्हणायचं.) पण मिटलं म्हणजे काय हो? मी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात १२ वर्षं फ्रेशमन कॉम्प, म्हणजे पहिल्या वर्षाचं निबंधलेखन, शिकवतेय म्हणून राहवत नाही. एपीत सव्वातीन तासांत ४५ ऑब्जेक्टिव्ह आणि तीन निबंध, त्यातही सिंथेसिसच्या, म्हणजे सोर्सेस एकत्र आणून मुद्दा मांडायच्या, निबंधाला सोर्सेस आयते हातात. कॉलेजात ते स्वतः हुडकायचे, भंपक कुठला ते ओळखायचं आणि लिहिलेलं मोडून परत लिहायचं. गेल्या सेमिस्टरला एका पाचवाल्याच्या पेपरवर समासात लिहिलं, "पहिलं पान उडव, खरा मुद्दा शेवटच्या ओळीत आहे." तर विचारतो, "मग किती मार्क कापले?"

ऑस्टिनकर:
५ वाला तुमच्या वर्गात आलाच कसा? क्रेडिट असतं ना त्याला?

तिरफळ:
क्रेडिट कॉम्प १ चं, म्हणजे पहिल्या कोर्सचं. मी पुढचा कॉम्प २ पण शिकवते. झालं समाधान?

ऑस्टिनकर:
मास्तरीणबाई, रागावू नका. पण वर्ग रिकामे राहतील म्हणूनच ही तळमळ ना? मी बारावीला अपेक्षित प्रश्नसंच घोकून इंग्लिश काढलं, आज रोज क्लायंटला मेल लिहितो, काही अडत नाही. पोरगा मेकॅनिकलला आहे, कॉम्प नसल्यामुळे पहिल्याच सेमला एक लॅब जास्त घेता आली. आणि इलिनॉयमध्ये तर कायदाच आहे, ३ आला की सरकारी कॉलेजांनी क्रेडिट द्यायचं. ते सगळे वेडे का?

एक_आई:
आमच्या कन्येला पण ५, तिच्या प्रायव्हेट कॉलेजने नुसतं प्लेसमेंट, म्हणजे थेट वरच्या कोर्सला बसायची मुभा दिली, क्रेडिट शून्य. वर तिला मेडिकलला जायचंय आणि काही मेडिकल स्कूल्स इंग्लिशला एपी धरतच नाहीत. आधी चौकशी करा, मग पेढे वाटा.

चहाटळ:
इंग्लिशचं चालू द्या, मराठीचं काय? चिनी, जपानी, अगदी लॅटिनलासुद्धा एपी आहे आणि आपण गणपतीत लेझीम खेळून खूश. माझी मुलगी आठ वर्षं रविवारी मराठी शाळेत गेली, तिला काय मिळालं?

एक_आई:
सील ऑफ बायलिटरसी बघा, दोन भाषा लिहिता-वाचता येतात याचा हायस्कूलच्या डिप्लोम्यावरचा शिक्का, बऱ्याच राज्यांत आहे. मराठीची चाचणी पण आहे.

चहाटळ:
सील डिप्लोम्यावर चिकटतं. मी कॉलेजच्या क्रेडिटचं विचारतोय.

ऑस्टिनकर:
घरात मुलीशी इंग्लिश बोलायचं आणि इथे मराठीचा गळा काढायचा. मागच्या पिकनिकला ऐकलंय आम्ही, "बेटा, शूज घाल, लेट होतंय."

चहाटळ:
आणि तुम्ही "मराठी कशाला, बायोडेटात दिसत नाही" म्हणालात ते पण ऐकलंय सगळ्यांनी. तुमच्याकडून शिकायची वेळ आली नाही अजून.

तिरफळ:
भांडा भांडा, माझा प्रश्न गेला वाहून. बरं, ऑस्टिनकर, फीचा मुद्दा मान्य, दोन नोकऱ्या करून शिकणारी पोरं वर्गात रोज बघते, त्यांचा एक कोर्स वाचला तर मला आनंदच आहे. लॅबचंही मान्य. तुमच्या मेलचं मात्र क्लायंटला विचारून सांगते.

ऑस्टिनकर:
एवढं कबूल केलंत हेच नशीब. पोराला विचारलं काल, सोर्स शोधता येतो का? म्हणाला, "बाबा, पहिली लिंक." तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

एक_आई:
ज्यांची मुलं यंदा मे महिन्यात बसतायत त्यांनी एपीच्या गुणांचा फुकटचा एक रिपोर्ट कॉलेजला पाठवायची २० जूनची तारीख चुकवू नका. आम्ही चुकवली होती.