बीटलचं इंजिन: पुशरॉड कापण्याआधी निम्मी लिफ्ट मोजा

फोक्सवॅगन बीटलच्या 1600 सीसी इंजिनाला 1.25 रेशोचे रॉकर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तरफा; रेशो म्हणजे कॅमची उचल त्या किती पट करतात) बसवताना जुनेच पुशरॉड (रॉकरला ढकलणारे दांडे) चालतील का, असं तुम्ही विचारलंय. मोजल्याशिवाय अजिबात बसवू नका. व्हॉल्व्ह बरोबर निम्मा उघडलेला असताना, बाजूने बघता, रॉकरचा ॲडजस्टिंग स्क्रू व्हॉल्व्हच्या स्टेमशी (दांडीशी) एका रेषेत यायला हवा. रॉकरचं टोक कमानीत फिरतं. निम्म्या लिफ्टवरची ही रेषा चुकली की ते टोक स्टेमला आडवं ढकलत राहतं आणि गाईड (स्टेम ज्यातून सरकतो ती नळी) लंबगोल झिजतो. एवढ्या मेहनतीने हेड बनवायचं आणि गाईड असा घालवायचा, हे बघवत नाही.

तपासताना व्हॉल्व्हला नरम स्प्रिंग घाला, डायल गेज (व्हॉल्व्ह किती हलला ते दाखवणारं माप) लावा, लांबी बदलता येणारा पुशरॉड वापरा. रेषा जुळली नाही तर रॉकर शाफ्टच्या ठोकळ्यांखाली शिम (पातळ चकती) घाला. पण शिम बदलली की पुशरॉडची लांबीही बदलते, म्हणून दोन्ही पुन्हा बघायचं. इनटेक आणि एक्झॉस्ट वेगळे मोजा, दोन्ही हेडांवर.

रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटीचं म्हणाल तर मूळ ॲल्युमिनियम पुशरॉडला थंड इंजिनावर 0.15 मिमी. क्रोमोली स्टीलच्या पुशरॉडला जवळपास शून्य, कारण इंजिन तापून जितकं वाढतं तितकं स्टील वाढत नाही.